दुप्पट परत देणारा

ट्रॅक्टरखाली माझी बायको गेली. तेरवी होईपर्यंत मी घरातून हललो नाई. दुसऱ्या दिवशी काठी घेतली अन् आर्वीहून पुलगावच्या एसटीत बसलो. ट्रॅक्टरवाला तिथला होता. त्याले मारायलेच निघालतो.

शेजारी भर उन्हाळ्यात कानटोपी घातलेला एक माणूस होता. हातात लहानसा व्हिडिओ गेम, त्यात दोन राक्षस लढत होते. याचा राक्षस नुसता मार खाऊन राह्यला होता. दर फटक्याले हा माणूसच डोळे मिटायचा.

"तो मारत काऊन नाई?" मी विचारलं.

"हा पयले मारतच नाई, बाबाजी. जेवढा खाल्ला, त्याच्या दुप्पट परत देते."

"अन् समोरच्यानं मारलंच नाई तर?"

"मंग उभाच राह्यते. याले दुसरं काई येत नाई." असं म्हणून तो माझ्या काठीकडे पाहत बसला.

उतरताना त्यानं गेम उलटा धरला. मागचं झाकण नव्हतं, आत सेलही नव्हते. पण आतून फटक्यांचा आवाज येऊनच राह्यला होता.

ट्रॅक्टरवाला ओट्यावर बसला होता. मले पाहून पळाला नाई. मान खाली घालून म्हणाला, "मारा, काका."

दिवस बुडेपर्यंत मी त्याच्या अंगणात उभाच होतो.