मापटंकाकीच्या तीन मुठी

शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांतील समस्त रस्साप्रेमींना अत्यंत जबाबदारीनं कळवण्यात येतं, की मापटंकाकी यापुढे कुणालाही मारणार नाही. गेल्या पावसाळ्यात ती गेली. ज्यानं तिचा मार खाल्ला नाही, त्यानं तिचं मटणही खाल्लेलं नसणार. दोन्ही एकाच भांड्यातून मिळायचं.

ते भांडं म्हणजे अर्ध्या शेराचं पितळी मापटं. वडगाव रासाईत भावकीतलं कुठलंही जेवण असो, चुलाणापाशी काकी उभी आणि हातात मापटं. वाण्याची यादी किलोत यायची, ती काकी उभ्या उभ्या मापट्यात आणायची. "मीठ अर्धा किलो म्हंजी मापटंभर. तिखट हलकं, त्याला दोन मापटी. आधी जिन्नस इचारावा, मग वजन."

शंका काढणाऱ्याला उत्तर मापट्यानंच मिळे. "मीठ बेतानं," असं एकदाच म्हणालेल्या काकांचं कोपर आठवडाभर सुजलं होतं. झाकण उचलून वास घेणाऱ्या माझ्या वडिलांना पाठीत बसलं. मी कलेजीचा एक तुकडा पळवला आणि तीन दिवस लंगडलो. पितळेला तीन पोचे पडले.

मापटंभर मीठ पातेल्यात गेलं, की काकी वरून तीन मुठी टाकायची आणि पुटपुटायची, "ही मालकांच्या कोपराची. ही दिराच्या पाठीची. ही चोरट्याच्या नडगीची." आम्हाला वाटायचं, म्हातारी जुना राग काढतेय.

माझा धाकटा भाऊ सुनील सणसवाडीच्या कंपनीत क्वालिटीला. पोराच्या जावळाला त्यानं डिजिटल काटा आणला आणि भावकीदेखत काकीचं मापटंभर मीठ तोलून दाखवलं. चारशे ग्राम.

"काकी, शंभर ग्राम कमी हाय. इतकी वर्षं आम्हाला अर्धा किलो सांगती व्हय? पुढच्या टायमाला दौंडचा आचारी सांगतो. तू बस निवांत."

काकीला पोर ना बाळ. चुलाण सुटलं तर भावकीत तिला हाक कोण मारणार होतं? तिनं मापटं उचललं आणि सुनीलच्या टाळक्यात घातलं. टण्ण आवाज झाला, सुनील कांद्याच्या ढिगात बसला. मग काट्याला लाथ बसली आणि तो चुलाणात गेला.

काकीनं मापटं पुन्हा भरलं, पातेल्यात ओतलं. कोपराची मूठ, पाठीची मूठ, नडगीची मूठ. ढवळून थेंबभर रस्सा तळहातावर घेतला, चाटला आणि तिचा चेहरा उतरला.

"अळणी हाय," ती हळूच म्हणाली.

उगीच आणखी मीठ टाकलं असतं, तर मापटं कमी भरतं हे सुनीलचंच खरं झालं असतं. सुनीलची बायको दौंडचा नंबर शोधायला लागली. काकीनं मापटं खाली ठेवलं. चुलाणापाशी तो हात रिकामा मी पहिल्यांदाच पाहिला.

सुनीलनं एका हातानं टेंगूळ दाबून धरलं होतं. दुसऱ्या हातानं त्यानं मापटं उचललं, पोच्यांवरून बोट फिरवलं. एक. दोन. तीन. चौथा ताजा होता, अगदी त्याच्या डोक्याच्या गोलाईचा, मापट्यातली तेवढी जागा खाऊन बसलेला. तो मापट्याकडे बघत राहिला, मग पातेल्याकडे, आणि भरल्या मांडवात बोलून गेला,

"काकी, माझी मूठ राह्यली की."