मुक्कामावरचं कुंकू

काल रविवारी मुक्कामावर आमच्या आई आल्या. न सांगता.

मुक्काम म्हणजे कोंडाणे लेण्यांच्या वाटेवरची एक आमराई. रेल्वे नव्हती, डांबरी रस्ता नव्हता, तेव्हा घाट चढणारी माणसं पायथ्याला कशी थांबत ते आमचा ग्रुप तिथे उभं करतो. हिवाळ्यातले रविवार, त्या काळचे कपडे, आणि पगार म्हणाल तर दुपारची पिठलं-भाकरी.

मी तिथली पाणपोईवाली सगुणा. नऊवारी लुगडं, दंडात वाकी, हातभर हिरव्या बांगड्या आणि कपाळावर मेण लावून चिकटवलेलं रुपयाएवढं कुंकू. आमचा म्होरक्या मंदार या बाबतीत भयंकर कडक आहे. सेफ्टीपिन नाही, घड्याळ नाही, नेलपॉलिश तर नाहीच. पाहुण्याने मोबाईल पुढे केला तर 'हे काय बाई नवीन' म्हणून बघायचं. एकदा मी सेल्फीला चुकून पोझ दिली, तर आठवडाभर बोलत नव्हता...

एरवी मी साजगावला एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. प्रशांत, माझा नवरा, गेला त्याला तीन वर्षं होत आली. तेव्हापासून टिकलीसुद्धा नाही. कोणी काढ म्हणालं नव्हतं, मीच आपली काढली.

दहिवलीच्या घरी आता आम्ही दोघीच, मी आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी मला कधी 'लाव' म्हटलं नाही, 'लावू नको' असंही नाही. मीही त्यांना 'लेण्यांवर माहिती द्यायला जाते' एवढंच सांगून ठेवलं होतं. मुलगा गेलेल्या बाईसमोर मी कुंकू लावून कशी उभी राहणार... त्यामुळे तयारी तिकडेच, आणि घरी निघताना रुमालावर खोबरेल घेऊन सगळं पुसून टाकायचं.

खरं सांगू? सहा दिवस मी त्या कुंकवाची वाट बघायचे. आरशात ते दिसलं की बरं वाटायचं, आणि बरं वाटतंय याचीच लाज वाटायची.

मुक्कामावरून निघणाऱ्या बायकांना सगुणाने हळदकुंकू लावायचं, हा आमचा रिवाज. विधवा बाई आली तर काय, यावर आमची मोठी मीटिंग झाली होती. त्या काळी लावलं नसतं, हे खरंच. शेवटी ठरलं, की कोणाला विचारायचं नाही, जी कपाळ पुढे करेल तिला लावायचं. पण त्या बायका आपणहून बाजूला होतात. मला त्या लगेच ओळखू येतात.

तर काल आमच्या आळीतल्या बायकांचा टेंपो आला. बाकीच्या लेण्यांकडे चढल्या आणि गुडघ्यांमुळे मागे राहिलेल्या आई सरळ माझ्यासमोर येऊन बसल्या. माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. मी आपली "आई..." एवढंच म्हणाले. मंदार मागे उभा, आणि माझी भूमिका पार धुळीला मिळालेली.

आईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाल्या, "बाय, घाट चढून लेकीकडं जायाचं हाय. पानी दे गं." आईंना लेक नाही. घाट तर त्या एसटीशिवाय कधी चढल्या नाहीत. मी गुपचूप पाणी आणि गुळाचा खडा दिला.

बायका खाली उतरल्या आणि कुंकवासाठी रांगेत लागल्या. शेजारच्या काकूंनी माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि मग आईंकडे. मी एकेकीला लावत गेले.

शेवटी आई. त्या बाजूला होतील म्हणून मी खाली बघत राहिले. तर त्या म्हणाल्या, "आन मला नाय लावत?"

मी या घरात आले तेव्हा सासरे नव्हते. ते कपाळ मी कायम मोकळंच पाहिलेलं. त्याला मी मेण लावलं, त्यावर कुंकू टेकवलं. आईंनी माझ्याच करंड्यातलं कुंकू घेतलं आणि सगळ्या आळीसमोर मला उलट लावलं, अगदी रीतीप्रमाणे. म्हणाल्या, "घामानं फिकं झालं व्हतं."

मला रडू आलं. सगुणा रडत नाही, पण मंदारने तेवढं चालवून घेतलं. नंतर आईंना 'पुढच्या रविवारी याल का' विचारून आला, म्हणे इतकं पक्कं काम आमच्यात कोणी करत नाही.

परतताना मीही त्याच टेंपोत बसले. सवयीने पिशवीतून रुमाल काढला, खोबरेलाची बाटली काढली. आईंनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे," हळूच म्हणाल्या, "दर सोमवारी त्यो लाल रुमाल कोन धुतंय गं?"

म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं... आणि मला वाटत होतं मी त्यांना जपतेय.

आई फेसबुकवर नाहीत, त्यामुळे हे त्यांच्यापर्यंत पोचायचं नाही. तरी लिहिते, की आई, मी तुमची फार ऋणी आहे. आज सोमवार. दोरीवर धुणं वाळतंय आणि त्यात रुमाल नाही.