हमीदाची राहिलेली माफी

जुबेदाचा फोन आला तेव्हा मी दळणाचा डबा घेऊन जिन्यात होते. "सुनंदाताई, आपा गेली. सकाळी शेजारणीनं दार वाजवलं, तर..." मी डबा परत घरात ठेवला आणि घाटकोपरहून अंधेरीची मेट्रो पकडली. हमीदा माझी मैत्रीण. एकाच शाळेत आमची उभी नोकरी गेली. ती मराठी शिकवायची, मी गणित. मूळची चिपळूणकडची, लग्न केलं नाही. जुबेदा तिची धाकटी बहीण, गोवंडीला राहते. या गोष्टीला महिना होत आला. रडण्याबिडण्याचा माझा स्वभाव नाही, म्हणून म्हटलं लिहून तरी बघावं.

निवृत्तीनंतर हमीदानं हजला जायचं ठरवलं. ज्याची ऐपत आहे, तब्येत साथ देते, त्यानं आयुष्यात एकदा जायलाच हवं, हे तिच्या धर्मातलं कर्तव्य. "गुडघे अजून चालतायत. आता कुठली सबब सांगू?" म्हणाली. पूर्वी बाईला जवळचा पुरुष नातेवाईक बरोबर असल्याशिवाय जाता येत नसे. आता तिच्या वयाच्या एकट्या बायकांच्या तुकड्या जातात. अशाच एका तुकडीत तिचा नंबर लागला आणि बाईसाहेब निघण्याआधी माफी मागत फिरू लागल्या. तशी रीतच आहे. अल्ला स्वतःचं देणं माफ करील, पण माणसाचं देणं माणसानंच माफ करायचं असतं. तिनं वॉचमनची माफी मागितली, भाजीवालीची मागितली, मुख्याध्यापिकाबाईंना घरी गाठून त्यांचीही मागितली. माझ्याकडे आली तेव्हा मी म्हटलं, "अगं, माझं काय घोडं मारलंयस तू?"

"असं नाही चालत. नीट आठव."

"बरं, माझी कोरी साडी नेऊन तिच्यावर शाई सांडलीस. केलं माफ."

"आणखी?" ती गंभीरपणे म्हणाली. मला हसू आवरेना. पण जिच्या माफीवाचून तिचा जीव अडला होता तिच्याकडे जायचं धाडस तिला होईना, म्हणून गोवंडीला जाताना तिनं मला बरोबर घेतलं.

प्रकरण जुनं होतं. जुबेदा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असताना आईला अर्धांगवायू झाला. हमीदाची नोकरी नुकतीच कायम झाली होती. तिनं जुबेदाला नर्सिंग सोडायला लावून आईजवळ गावी पाठवलं. आई पुष्कळ वर्षं अंथरुणाला खिळून होती. ती गेल्यावर जुबेदाचं लग्न झालं, पुढे नवराही वारला, पण नर्सिंग सुटलं ते सुटलंच. तेव्हापासून या दोघी लग्नाकार्यात आणि मयतीला भेटत, तेवढंच.

जुबेदा मेथी निवडत होती. हमीदा तिच्यासमोर जमिनीवरच बसली. "जुबेदा, तुझं शिक्षण मी मोडलं. तुला विचारलंसुद्धा नाही. मला माफ कर."

"नाही करत," जुबेदा म्हणाली आणि पुढची जुडी सोडली.

येताना रिक्षात साकीनाक्याला हमीदा म्हणाली, "सुनंदा, जाऊ की नको गं? हिचं देणं डोक्यावर घेऊन तिथं कशी उभी राहू?" तिनं मौलानांना विचारलं. मनापासून मागितलीस ना, मग जा, असं ते म्हणाले. ती गेली. आल्यावर सांगत होती, "हजला अराफातच्या मैदानात उभं राहून अल्लाकडे माफी मागायची असते. तिथं माणसं ओक्साबोक्शी रडत होती. मी सगळ्यांसाठी मागितली, पण स्वतःसाठी मागायला तोंडच उघडेना..."

खजूर आणि मक्केतल्या जमजम विहिरीचं पाणी घेऊन ती आधी गोवंडीला गेली. जुबेदा पाणी प्यायली, तिनं खजूर खाल्ला आणि माफी दिली नाही. मग हमीदा दर गुरुवारी जाऊ लागली. मला या प्रकाराचा राग यायचा. म्हातारीला किती झुलवायचं? मी तसं हमीदाला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "तिचा हक्क आहे तो. आणि परवा तिनं बोंबलाचं कालवण छान केलं होतं."

मयतीच्या दिवशी आतल्या खोलीत बायकांनी हमीदाला अंघोळ घातली, त्यांत जुबेदा होती. मी पडद्याबाहेर बसले होते. पाणी ओतल्याचा आवाज मध्येच थांबला आणि जुबेदाचा आवाज ऐकू आला, "माफ केलं, आपा." एकदाच म्हणाली. मग पुन्हा पाणी.

गेल्या आठवड्यात मी तिला भेटायला गेले. खिडकीत हमीदाचा जुना चष्मा होता. दर खेपेला घरी विसरायची, म्हणून एक तिथंच ठेवलेला. मी सरळच विचारलं, "द्यायचीच होती माफी, तर ती जिवंत असताना का नाही दिलीस?"

"हजच्या आधी खरंच देववत नव्हती. ती परत आली तेव्हा राग संपला होता." जुबेदानं चष्मा पदरानं पुसला. "पण सुनंदाताई, दिली असती तर ती परत कशाला आली असती इथे? इतक्या वर्षांनी कुणी माझ्याकडे बसायला येत होतं." मग चष्मा परत खिडकीत ठेवत म्हणाली, "म्हणजे मी तिला फसवलंच ना? आता माझी माफी मी कोणाकडे मागू?"

गुरुवार होता. अंधार पडेपर्यंत मी तिथंच बसून राहिले.