थंडा रेग्युलेटर

मी यवतमाळला तंत्रनिकेतनात पोरांना थायरिस्टर शिकवते. तेच घाटंजीला आईला समजावताना मात्र माझा आवाज चढतो.

तिच्या पंख्याचा जुना, डब्याएवढा रेग्युलेटर काढून मी नवा छोटा बसवला होता. जाता-येता जुन्यावर हात ठेवून तो गरम आहे का बघायची तिला सवय. नव्यावर तसाच हात ठेवून ती म्हणाली, "हा तं थंडाच हाय. बंद पडला वाटते."

"अवं माय, पंखा फिरून राह्यला न!"

"फिरते, पण याच्या भरवशावर नाही."

मग मी सुरू झाले. जुना रेग्युलेटर वीज अडवायचा आणि तिची नुसती उष्णता करून वाया घालवायचा. नव्यात थायरिस्टरच्याच जातीचा एक पुर्जा असतो. तो विजेच्या प्रत्येक लाटेत थोडा वेळ बंद राहतो, मग उघडतो. लागेल तेवढीच वीज सोडतो, म्हणून तापत नाही. हेच पुन्हा सांगताना मी जवळजवळ ओरडतच होते.

आईनं जुन्या रेग्युलेटरवर ठेवायची तसाच हात माझ्या कपाळावर ठेवला.

"तुह्यात तं जुनाच बसवला हाय, बाई," ती म्हणाली. "अर्धी वीज इथंच जाऊन राह्यली."