छत्तीसची कंबर

टेलर मास्तरांच्या मापाच्या वहीत त्यांची स्वतःची कंबर गेली चौदा वर्षं छत्तीसच होती. वहीतली कंबर काही जेवत नाही, तिला काय! शिवताना मागच्या शिवणीत जे जादा कापड आत ठेवतात त्याला शिंपी माया म्हणतात. मास्तर स्वतःच्या पँटला भरपूर माया ठेवायचे, वर्षभर ती थोडीथोडी उसवायचे, आणि नवी पँट कापायची ती वहीवरून नाही, त्या उसवलेल्या पँटवरून. वर बायकोला ऐकवायचे, "बघ, माप तेच आहे अजून!"

बायको काजं करता करता म्हणायची, "हो ना. तंबूचं."

मास्तरांची साखर अकरा वर्षं जुनी. तिची गोळी आठवली तर घ्यायची. मशीनवर बसून पाठ धरली की दुखण्याची गोळी मात्र रोज, न चुकता. मग पाय सुजायला लागले, लघवीला फेस यायला लागला. मास्तर म्हणाले, "उन्हाळा आहे." थंडीतही तेच म्हणाले, तेव्हा बायकोने त्यांना दंडाला धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई लेकीच्या वयाची. "कंबर किती, काका?"

"छत्तीस." अगदी छातीठोकपणे.

बाईने मास्तरांच्याच गळ्यातली टेप काढून त्यांना गुंडाळली. "सेहेचाळीस."

"टेप ताणलीय," मास्तर म्हणाले. असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ते स्वतः दुकानाबाहेर काढायचे!

बाई हसली नाही. लघवीतून प्रथिनं जाताहेत, म्हणाली. साखरेने आणि या चरबीने मूत्रपिंडं खराब व्हायला लागलीत. अजून वेळ गेलेली नाही. वजन उतरवा, साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवा, मीठ कमी करा, आणि ती दुखण्याची गोळी मला विचारल्याशिवाय तोंडात टाकायची नाही.

"बघू," मास्तर घरी येऊन म्हणाले आणि बिस्किटांचा पुडा फोडला.

बायको उठली. कपाटातून एक शर्ट आणून तिने मशीनवर टाकला. मास्तरांच्या थोरल्या भावाचा. त्याची मूत्रपिंडं गेली होती, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. दर वेळी सुईसाठी बाही वर चढवताना हात दुखायचा म्हणून मास्तरांनीच डावी बाही खांद्यापर्यंत उघडी ठेवून तिला बटणं लावली होती. शर्ट अजून नवाच दिसत होता. भाऊ जाऊन सहा वर्षं झाली होती.

"अहो, उभे राहा," बायकोने टेप घेतली. "भाऊजींचा तुम्हाला होणार नाही. नवाच शिवते, बटणं आत्ताच लावून ठेवते. कुठली बाही उघडी ठेवू? डावी की उजवी?"

"काय अभद्र बोलतेस!" मास्तर ओरडले. बायको रडत होती आणि रडता रडता पुन्हा विचारत होती, "सांगा ना, डावी की उजवी?"

मास्तर भयंकर घाबरले. पुडा त्यांनी तिच्या हातात दिला. वही उघडून छत्तीस खोडलं, सेहेचाळीस लिहिलं. मशीनवर त्यांची नवी पँट अर्धी शिवून पडली होती. त्यांनी कात्री घेतली आणि मागची सगळी माया कापून टाकली.

"अहो! आता सैल कशी करणार?"

"नाही करणार," मास्तर म्हणाले. "तो शर्ट आत ठेव आणि चपला घाल. चालून येऊ."