वणीच्या घाटातला काळा धूर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. आज सांगतोय, पण सांगायला बसलो की आधी त्या गाडीचंच वेड अंगात येतं. येऊ दे. त्याशिवाय मी काय केलं ते तुम्हाला नीट कळायचं नाही.

वडिलांची जुनी फियाट होती. तिचं इंजिन गेलं, तेव्हा मी आणि नसीमनं तिच्यात भंगारात निघालेल्या जिप्सीचं इंजिन बसवलं, गिअरबॉक्ससकट. नसीम म्हणजे पॉलिटेक्निकमधली माझ्या वर्गातली मैत्रीण. तिच्या अब्बांचं नाशकात द्वारका चौकाजवळ कार्बोरेटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि ती तिथेच लहानाची मोठी झाली. मी तेव्हा अंबडच्या एका कारखान्यात टूलरूमला होतो. दर रविवारी ती आमच्या सिडकोतल्या घरी यायची, ओढणी कमरेला खोचायची आणि बॉनेटखाली शिरायची. ते इंजिन पहिल्यांदा फुरफुरलं त्या दिवशी आम्ही दोघं अंगणात अक्षरशः नाचलो होतो. आई पोहे घेऊन दारात उभी — तिला वाटलं, लॉटरीच लागली!

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. पेट्रोलमध्ये उसाचं अल्कोहोल मिसळायच्या गोष्टी जिकडेतिकडे चालल्या होत्या. नसीमच्या डोक्यात त्याच्याही पुढचं. "संजा, पाच-दहा टक्क्यांचं काय कौतुक? निम्म्यापासून वर कितीही अल्कोहोल टाक, गाडी चालली पाहिजे."

आणि तिनं ते केलं हो! अल्कोहोलला इंधन जास्त लागतं, म्हणून कार्बोरेटरचे जेट, म्हणजे इंधन सोडणाऱ्या बारीक तोट्या, तिनं मोठे पाडले. ठिणगी थोडी आधी पडेल असं इग्निशन लावलं. डॅशबोर्डखाली एक नॉब बसवला. तो ओढला की इंधन वाढायचं, आत ढकलला की कमी व्हायचं. टाकीत अल्कोहोल जास्त असेल तर ओढायचा, निम्मंच असेल तर पूर्ण आत. थंडीत अल्कोहोल पेट घेत नाही, त्यासाठी काच धुण्याचा छोटा पंप लावून सुरुवातीला पेट्रोलचा फवारा मारायची सोय. गंगापूर धरणाच्या रस्त्यावर तिनं पहिल्यांदा नॉब ओढला आणि गाडी अशी झेपावली... मी ओरडलोच. ती हसत म्हणाली, "अरे, समोर बघ, म्हैस आहे!"

अल्कोहोलचे कॅन आम्हाला निफाडकडच्या एका डिस्टिलरीतून मिळायचे. तिथले दातेसाहेब आमच्या कारखान्याच्या ओळखीतले. त्यांच्याकडे इंजिनांवर प्रयोग करायचा नवा विभाग निघणार होता. ते म्हणाले, "गाडी वणीच्या गडावर चढवून दाखवा. चढली, तर प्रयोगाचं काम तुमच्या मैत्रिणीकडेच." जानेवारीतला एक रविवार ठरला.

आता ते. आता सांगतो.

त्या दिवशी पहाटे मला राहवेना. नसीम यायच्या आधी आपणच सुरू करून बघावी, म्हणून मी किल्ली फिरवली. नाशिकची थंडी — सेल्फ नुसताच कण्हला. पुन्हा मारला. काही नाही. तिनं सांगितलेला फवारा मी मारलाच नव्हता. घाईत विसरलो. की मनात कुठेतरी माझा त्याच्यावर विश्वासच नव्हता? गाडी माझी, साहेब माझ्या ओळखीचे, फजिती माझीच होणार... एवढंच दिसत होतं मला. मी टाकीतलं अल्कोहोल नळीनं कॅनमध्ये काढलं, कॅन न्हाणीमागे लपवला आणि टाकी साध्या पेट्रोलनं भरली. तळाला थोडं राहिलं, त्याचा वास तेवढा येत होता.

नसीम आली. तिनं फवारा मारला, किल्ली फिरवली आणि इंजिन लगेच सुरू! तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला. "बघितलंस? इतक्या थंडीत!" तिचे डोळे कसे चमकत होते — तेव्हा का नाही बोललो? साहेब अजून आले नव्हते. दहा मिनिटांत टाकीतलं इंधन पुन्हा बदलता आलं असतं.

मी म्हणालो, "भारी!"

दिंडोरीपर्यंत गाडी कशीबशी गेली. मागे साहेबांची जीप. नांदुरीहून गडाचा चढ लागला आणि मागे काळा धूर सुटला. साधंच आहे — अल्कोहोलसाठी मोठे केलेले जेट आणि टाकीत नुसतं पेट्रोल, इंजिन गुदमरणारच. नसीमनं नॉब पूर्ण आत ढकलला. तरी धूर. तिसऱ्या वळणावर गाडी बंद पडली. प्लग काढले तर काजळीनं काळेकुट्ट.

"सगळं गणितच चुकलंय, बाई," दातेसाहेब म्हणाले. आवाज मोठा नव्हता त्यांचा.

नसीम प्लग हातात धरून उभी होती. "माझी चूक, सर. जेट मोठे पाडले मी."

मी तिच्यापासून दोन हातांवर होतो. बॉनेटची दांडी धरून.

हे एवढंच असतं तर घाबरलो म्हणालो असतो. पण पुढच्या रविवारी — ती आली नव्हती — मी न्हाणीमागचा कॅन काढला, टाकी रिकामी केली आणि तेच अल्कोहोल भरलं. प्लग साफ केले, फवारा मारला. गाडी सुरू झाली. एकटाच वणीला गेलो. काय चढली म्हणून सांगू! धूर नाही, धक्का नाही. ज्या वळणावर बंद पडली होती तिथून तिसऱ्या गिअरमध्ये, गाणं म्हणावं तशी गेली. मी स्टिअरिंगवर हात आपटत ओरडत होतो, "नसीम, चढली! चढली गं!" इतका आनंद मला आयुष्यात फार थोड्या वेळा झालाय.

गडावरून उतरलो तो थेट द्वारकेला जाता आलं असतं. तिला सांगायचं, तुझं सगळं बरोबर होतं. साहेबांनाही सांगायचं. मी पंचवटीतून सरळ घरी आलो. गाडी झाकली. नंतर ती आली तेव्हा म्हणाली, "ते जेट काढून फेकून दे रे." मी तिच्यासमोर काढले आणि फेकले.

डिस्टिलरीतली ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. नसीमनं सातपूरला मालाची तपासणी करायची नोकरी धरली. कार्बोरेटरला पुन्हा हात लावला नाही, अब्बांच्या दुकानातही नाही. फियाट मी विकून टाकली.

गेल्या वर्षी एका वर्गमित्राच्या मुलीच्या लग्नात मी आणि नसीम एका टेबलावर जेवायला बसलो. तिची मुलगी इंजिनीअरिंगला आहे. ती कौतुकानं विचारत होती, "मम्मी, तू खरंच गाडी अल्कोहोलवर चालवलेलीस?"

नसीम हसली. "चालवली कुठे? माझा हिशेबच चुकला होता. संजयमामाला विचार, त्याच्यासमोरच बंद पडली."

मुलगी माझ्याकडे बघत होती.

"हो," मी म्हणालो, "घाटात बंद पडली."