बिनकाट्याचा मासा

आमच्या वन्सं पुण्याहून आल्या की आमच्यासाठी अक्कल घेऊन येतात. गेल्या खेपेला ती थर्माकोलच्या डब्यात होती, बर्फ घालून.

"फिलेट आहेत, वहिनी," डबा ओट्यावर ठेवत त्या म्हणाल्या. "काटा नाही, वास नाही, साफ करायची कटकट नाही."

मी बघितलं. पांढरेफट्ट तुकडे. डोकं नाही, शेपूट नाही, खवल्याची खूणसुद्धा नाही. मी कराडजवळ नदीकाठी वाढले. आमच्याकडे कल्ला उचलून लाल दिसल्याशिवाय मासा घरात येत नाही. हा पाण्यात पोहला होता की कारखान्यातच तयार झाला, देव जाणे.

पण मी डबा परत केला नाही, कारण आबा बाहेर बसले होते. आबा म्हणजे माझे सासरे, फौजेतून निवृत्त झालेले. माशावर त्यांचा भारी जीव. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांचा उजवा हात चालत नाही. काटे काढून मी एकदा घास भरवायला गेले, तर त्यांनी ताटच सरकवलं. "मी काय तान्हं पोर हाय व्हय?" तेव्हापासून आमच्या घरात मासा आलाच नव्हता.

वन्संनी स्वतःचा नॉनस्टिक तवाही आणला होता. आमच्या बिडाच्या तव्याकडे त्यांनी उष्ट्या भांड्याकडे बघावं तसं बघितलं. "तुम्ही सगळं तेलात बुडवता. एक चमचा पुरतं." मग त्यांनी पाणी गळणारे तुकडे तसेच तव्यावर टाकले आणि दर मिनिटाला उलटत राहिल्या. मासा स्वतःच्याच पाण्यात उकडला. थोड्या वेळाने तव्यात पनीरची भुर्जी होती.

"फिलेट नाजूक असतात," वन्सं म्हणाल्या.

"सरका जरा," मी म्हटलं.

उरलेले तुकडे मी फडक्यात दाबून कोरडे केले. हळद, मीठ, तिखट, आलं-लसूण, लिंबू लावलं, वरून तांदळाचं पीठ नि रवा. बिडाचा तवा चांगला तापवून तेल सोडलं, तुकडे ठेवले आणि कडा तांबूस होईपर्यंत हात लावला नाही. एकदाच उलटले.

आबांनी डाव्या हातात चमचा धरून तुकडा मोडला.

"काटा न्हाई? मग पवत कसा असंल गं ह्यो?"

"काय ठाऊक, आबा."

त्यांनी सावकाश चावलं. "लय मिळमिळीत हाय." मग ताट पुढं केलं. "वाढ आनी एक."

वन्संनी लगेच मोबाइल काढला. "बघा, बाबा माझ्या हातचं कसं खातात!" तो व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला. त्यात माझं फक्त कोपर दिसतं.

आता दर रविवारी मी ते गोठलेलं पाकीट आणते. दुकानदाराशी नजर भिडवत नाही. एरवी मी त्या तुकड्यांना मासा म्हणणार नाही, पण आबा आपल्या हाताने जेवतात, कोणी भरवावं लागत नाही, म्हणून मन लावून भाजते. स्वतःला पिठलं करते.

परवा आबांनी विचारलंच, "तू का खात न्हाईस गं?"

"मला मासे आवडतात, आबा."

त्यांना समजायला क्षणभर लागलं. मग ते वाकड्या तोंडाने इतके हसले की मला पाणी आणायला उठावं लागलं.